उजेडाची वजाबाकी

मुंबईत राहून ताऱ्यांचा उजेड मोजते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी वर बघतो, मग माझ्याकडे. त्याचं काही चुकत नाही. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून वर पाहिलं तर बहुतेक रात्री राखाडी-नारिंगी धूसरपणाच दिसतो. पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे, तेवढाच काय तो काळोख. पूर्वेला खाडी, ऐरोलीचा पूल आणि त्यापलीकडे लखलखणारी नवी मुंबई. पावसाळ्याचे चार महिने तर सोडूनच द्या. जानेवारीत जरा वारा सुटलेला असला की व्याध दिसतो, मृग दिसतो, रोहिणी, ब्रह्महृदय, पुनर्वसूची जोडी. कृत्तिका दिसतात की नाही यावर वाद घालता येतो. आकाशगंगा म्हणाल तर आमच्या इमारतीतल्या मुलांनी ती पुस्तकातच पाहिली आहे, किंवा वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला नेलं तेव्हा.

"मग मोजता तरी काय?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. खरं उत्तर असं, की मी मुख्यतः मुंबई मोजते. मुंबईचा उजेड मोजायचा आणि तो वजा करायचा. उरलं काही तर तो तारा. हे ऐकून लोकांना वाटतं बाई थट्टा करते आहे. पण मोठमोठ्या वेधशाळांतली माणसंही हेच करतात, त्यांच्या वाट्याला आलेली मुंबई लहान असते इतकंच.

दुर्बिणीला डोळा लावून 'अहाहा' म्हणणारा खगोलशास्त्रज्ञ आता कॅलेंडरवरच्या चित्रात उरलाय. लडाखमध्ये हॅन्लेला समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरवर दोन मीटर व्यासाच्या आरशाची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. ती चालवणारे लोक बसतात बंगळूरजवळच्या होसकोटेला, उपग्रहाच्या दुव्यावरून. त्यांच्या पडद्यावर येतात ते आकडे. चित्र नंतर बनतं, तेही कुणाला दाखवायचं असलं तर.

आकडे कसले, तर फोटॉनांचे. प्रकाश सलग धारेने येत नाही, सुट्या कणांनी येतो, हे आइन्स्टाईन यांनी १९०५ मध्ये मांडलं आणि त्यांना १९२१ चं नोबेल मिळालं ते प्रामुख्याने याच कामासाठी. आता हे कण ताऱ्याकडून येतात तरी किती? अभिजितसारख्या शून्य प्रतीच्या ताऱ्याकडून (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका तारा मंद), फक्त हिरव्या-पिवळ्या पट्ट्यातले धरले तर, एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला साधारण दहा लाख. ऐकायला भरपूर वाटतात. पण सहाव्या प्रतीचा तारा, म्हणजे स्वच्छ काळोख्या आकाशात चांगल्या नजरेच्या माणसाला जेमतेम दिसणारा, त्याच एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला चार हजारच पाठवतो. अंधाराला सरावलेली बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. म्हणजे डोळ्याच्या दारातून आत जातात सेकंदाला दीड हजारांच्या आसपास. विसाव्या प्रतीच्या ताऱ्याची तर गोष्टच निराळी. त्याचा एक फोटॉन त्या चौरस सेंटिमीटरवर यायला शंभर सेकंद थांबावं लागतं. एक मीटर व्यासाचा आरसा लावला तर सेकंदाला ऐंशीएक मिळतात. पंचविसाव्या प्रतीला तोच मीटरभर आरसा सेकंदाला एकसुद्धा देत नाही.

डोळ्याची अडचण अशी की तो साठवत नाही. सेकंदाचा दहावा-पंधरावा हिस्सा झाला की पाटी कोरी. साठवण्याची सोय प्रथम फोटोच्या काचेने केली. रात्र-रात्र उघडी ठेवा, उजेड जमत राहतो. पण ती काच उधळी होती. आलेल्या शंभर फोटॉनांतले एक-दोनच कामी लावायची. विल्यर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सीसीडीची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या सिलिकॉनच्या चिपची, कल्पना मांडली, आणि पुढच्या दोन दशकांत वेधशाळांतल्या काचा कपाटात गेल्या. चांगली सीसीडी शंभरातले ऐंशी-नव्वद फोटॉन टिपते. सिलिकॉनवर फोटॉन आदळतो, एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो तिथल्या बारीकशा चौकटीत (पिक्सेलमध्ये) साठून राहतो, शेवटी मोजला जातो. दोघांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. तुमच्या मोबाइलमधला कॅमेरा याच जातीचा, फक्त धाकट्या पातीचा.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गंमत सुरू होते ती पुढे. चौकटीत जमलेले सगळे इलेक्ट्रॉन ताऱ्याने आणलेले नसतात.

पूर्वी वाण्याकडे आपली बरणी घेऊन गोडं तेल आणायला गेलं की तो आधी रिकाम्या बरणीचा धडा करायचा आणि मगच तेल ओतायचा. कॅमेऱ्याचाही असाच धडा करावा लागतो. लेन्सवर झाकण लावायचं आणि ताऱ्याचा फोटो जितका वेळ घेतला तितकाच वेळ, तितक्याच तापमानाला, काळोखाचा फोटो घ्यायचा. याला आम्ही 'डार्क' म्हणतो. काळोखाचा फोटो शून्य यायला हवा, आणि तो कधीच शून्य येत नाही. सिलिकॉन गरम असलं की फोटॉनाची वाट न पाहता आपणहूनच इलेक्ट्रॉन सोडत राहतं; तापमान सहा-सात अंशांनी चढलं की ही गळती दुप्पट होते. वेधशाळांत म्हणून द्रव नायट्रोजन वापरून सीसीडी उणे शंभर अंशांच्या खाली ठेवतात. आमच्याकडे एप्रिलच्या रात्री गच्चीवर अठ्ठावीस-एकोणतीस अंश असतात, आणि माझा जुना डीएसएलआर कॅमेरा हातात धरला तर कोमट लागतो. त्यामुळे माझ्या मोजणीतल्या रात्रीचा बराच भाग झाकण लावलेल्या कॅमेऱ्यापाशी बसण्यात जातो. घरच्यांना हे कधी पटलेलं नाही. तारे बघायला वर गेलेली बाई झाकण लावून बसते!

त्यानंतर 'फ्लॅट'. कॅमेऱ्यातल्या लाखो चौकटी सारख्या नसतात. एखादी थोडी जास्त टिपते, एखादी कमी. कोपऱ्यांत उजेड कमी पोचतो. काचेवर धूळ बसलेली असते. मुंबईत तर असतेच, जिकडेतिकडे पाडकाम आणि बांधकाम चाललेलं. म्हणून एखाद्या सपाट, सगळीकडे सारख्या उजळलेल्या गोष्टीचा फोटो घेऊन ठेवायचा आणि ताऱ्याच्या फोटोला त्याने भागायचं. संधिप्रकाशातलं आकाश त्यासाठी उत्तम, वर एक पांढरं कापड ताणून बसवलं की आणखी चांगलं. मी वडिलांचं जुनं मलमली धोतर वापरते. चार पदरी घडी घालून रबरबँडने दुर्बिणीच्या तोंडाला बांधायचं. धुऊन धुऊन ते इतकं एकसारखं झालंय की विकतचा कुठलाही पडदा त्याच्या जवळ येत नाही.

मग आकाश. डार्क काढून झाला, फ्लॅटने भागून झालं, तरी ताऱ्याच्या ठिपक्यात ताऱ्याबरोबर आकाशाचाही उजेड बसलेला असतो. तो वेगळा कसा काढायचा? ताऱ्याभोवती एक वर्तुळ आखतात आणि त्याच्या बाहेर थोडं अंतर सोडून एक कडं. कड्यात तारा नाही, नुसतं आकाश आहे. कड्यातल्या चौकटींची सरासरी काढायची आणि आतल्या वर्तुळातल्या प्रत्येक चौकटीतून ती वजा करायची. राहील ते ताऱ्याचं. हॅन्लेला हीच रीत, माझ्याकडेही हीच. ठिपका नीट टोकदार यावा असं वाटणं साहजिक आहे, पण उजेड मोजायचा तर आम्ही तारा मुद्दाम थोडा फोकसबाहेर ठेवतो. उजेड बऱ्याच चौकटींवर पसरला की एकेका चौकटीचे लाड चालत नाहीत, आणि कुठली चौकट काठोकाठ भरून वाहतही नाही. फोटो म्हणून तो अगदी वाईट दिसतो. कुणाला दाखवण्याची सोय नाही.

इतकं सगळं ऐकून एखादा हुशार मुलगा विचारतो, की मग मुंबईचं काय बिघडलं? आकाश उजळ असेना का, आपण वजाच करणार आहोत ना?

या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. आकाश वजा होतं, आकाशाचा हेलकावा वजा होत नाही.

फोटॉन घड्याळ लावून येत नाहीत. सेकंदाला सरासरी शंभर येत असतील तर एका सेकंदात त्र्याण्णव येतील, पुढच्या सेकंदात एकशे आठ. हा चढउतार किती असतो त्याचा नियम ठरलेला आहे: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ. शंभर मोजले तर दहाचा फरक धरायचा. दहा हजार मोजले तर शंभराचा. यंत्र कितीही महाग घ्या, हा फरक जात नाही, कारण तो यंत्रात नाही, उजेडातच आहे.

आता एक मंद तारा घ्या, ठरावीक वेळात शंभर फोटॉन देणारा. काळोख्या जागी त्या वर्तुळात आकाशाचेही शंभर आले असं समजू. एकूण दोनशे, वर्गमूळ चौदा. आकाशाचे शंभर वजा केले, ताऱ्याचे शंभर उरले, अधिक-उणे चौदा. तारा आहे, शंका नाही. आता तोच तारा मुलुंडला आणा. काळोख्या जागी आकाशाच्या अगदी लहानशा तुकड्याची, एका चौरस कोनीय सेकंदाची, प्रत बावीसच्या आसपास असते, मोठ्या शहरांच्या मध्यभागी सतरा-अठरा. म्हणजे चाळीस ते शंभर पट उजळ. शंभर पट धरू. आकाशाचे दहा हजार, ताऱ्याचे शंभर, एकूण दहा हजार शंभर. वर्गमूळ साधारण शंभर. वजाबाकी केली, ताऱ्याचे शंभर उरले, अधिक-उणे शंभर. म्हणजे तारा आहे किंवा नाही! उत्तर तेच आलं, पण त्याला किंमत राहिली नाही.

यावर इलाज आहे, तो म्हणजे वेळ. शंभर पट वेळ मोजत बसलं तर ताऱ्याचे दहा हजार होतात, आकाशाचे दहा लाख, आणि अधिक-उणे फक्त हजार. दहा टक्क्यांचा आकडा मिळाला. शंभर पट वेळ घालून नेमकेपणा दहा पटच वाढला, हे जरा अन्यायाचं वाटतं. मला तर दरवेळी वाटतं. तरीही अशक्य ते शक्य झालं. शहरात राहणाऱ्याने एवढ्यावर समाधान मानावं, आणि मुळात उजळ तारे निवडावेत. जिथे ताऱ्याचेच फोटॉन लाखांनी येतात तिथे मुंबईचे हजार इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही.

त्यात शहराने एक चांगलं शिकवलं, ते म्हणजे शेजाऱ्याशी ताडून बघणं. धूर, धूळ, विरळ ढग यांनी उजेड गिळला जातोच. तारा क्षितिजापासून तीस अंशांवर असेल तर माथ्यावरच्यापेक्षा दुप्पट हवेतून त्याला यावं लागतं. पण एकाच फोटोतल्या दोन शेजारच्या ताऱ्यांचा उजेड हवा साधारण सारखाच गिळते. म्हणून एकट्या ताऱ्याचा आकडा न सांगता दोघांचं गुणोत्तर काढायचं. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ नावाच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जाताना पकडला, तो याच रीतीने. परग्रहाने आपल्या ताऱ्याचा उजेड अडवलेला माणसाने पाहिला तो प्रथमच. ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने उतरला होता, आणि तो उतार टिपणाऱ्यांत एक दुर्बीण अवघी चार इंची होती. चार इंच म्हणजे आमच्या गच्चीवर बसेल इतकी.

प्रत या प्रकाराबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याने सगळ्यांचा गोंधळ होतो. तारा जितका मंद तितकी प्रत मोठी. ग्रीकांनी ताऱ्यांना पहिली, दुसरी असे वर्ग पाडले ते तसेच चिकटून राहिले. नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये त्याला गणित दिलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात बरोबर शंभर पट, एका प्रतीला अडीच पटीहून किंचित जास्त. व्याध उणे दीड, पौर्णिमेचा चंद्र उणे पावणेतेरा, सूर्य उणे पावणेसत्तावीस. हे पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ पर्यंत, मरेपर्यंत, तिथेच राहिले. मद्रासहून सापडलेल्या एका लघुग्रहाला त्यांनी 'एशिया' नाव दिलं. उलटी मोजपट्टी सुलटी करण्याची संधी त्यांना होती. का नाही केली कोण जाणे. मला त्यांचा थोडा राग आहे.

आता विजयदुर्गाबद्दल. कोकणात गेलेल्या प्रत्येकाला किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवतात आणि सांगतात की १८६८ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथून सूर्यग्रहण बघून हेलियमचा शोध लावला. हे तसं घडलं नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतातून दिसलं खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, पॉगसन मछलीपट्टणमला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि कट्टे त्या वेळचे. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवरही सापडून तीन वर्षं झाली होती. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १८९५ मध्ये ते वेगळं काढलं. त्याच १८९८ च्या ग्रहणाला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले कावसजी नायगमवाला पुण्याहून जेऊरला गेले होते. पुण्यात त्यांनी वीस इंची आरशाची दुर्बीण असलेली वेधशाळा उभारली होती, आणि लॉकियर यांच्यासारखाच वर्णपट, म्हणजे उजेड रंगांत पसरवून वाचणं, हा त्यांचाही विषय. त्यांच्या नावाचा कट्टा कुठे दाखवत नाहीत.

पण १८६८ मध्ये खरं घडलं ते दंतकथेपेक्षा रंजक आहे, आणि माझ्या वजाबाकीशी त्याचा थेट संबंध आहे. सूर्याच्या काठावर ज्वाला उसळतात. त्या एरवी दिसत नाहीत, कारण सूर्याभोवतालचं आकाश फार उजळ असतं. ग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो तेव्हाच दिसतात. जान्सेन यांना गुंटूरला वर्णपटात त्यांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाच त्यांनी त्या पुन्हा शोधल्या आणि त्या सापडल्या. ऑक्टोबरमध्ये लॉकियर यांनी इंग्लंडमधून तेच केलं, ग्रहणाशिवाय. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली. युक्ती अशी: आकाशाचा उजेड सगळ्या रंगांचा असतो. लोलकातून तो पसरवला की लांबच लांब पट्टा होतो आणि पट्ट्याचा प्रत्येक तुकडा फिका पडतो. ज्वालेतला तापलेला वायू मात्र मोजक्याच रंगांचा उजेड देतो. त्याला कितीही पसरवा, तो आपल्या रेषेतच राहतो, फिका होत नाही. आकाश विरळ होत गेलं, ज्वाला होती तशीच राहिली. भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या आकाशातून, त्यांनी हवा तो उजेड वेचून काढला. त्यात ५८७.५ नॅनोमीटरला एक पिवळी रेषा होती. सोडियमच्या दोन रेषा शेजारीच असतात, ५८९.० आणि ५८९.६ ला, ही त्यांतली नव्हती. तीच हेलियमची. ऑग्यूस्त काँत या तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये लिहून ठेवलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. त्यांच्या म्हणण्याला तीस-पस्तीस वर्षांत असं उत्तर मिळालं.

ही युक्ती मुंबईने माझ्यासाठी उलटी करून ठेवली. आमच्या लहानपणी रस्त्यावरचे दिवे सोडियमचे होते. टाकून दिलेली सीडी तिरपी धरून त्यांचा उजेड पाहिला की रंग वेगळे होतात: नारिंगी-पिवळ्यात दाट पट्टा, इतरत्र सुट्या रेषा. नीट पाहिलं तर त्या दाट पट्ट्याच्या मधोमध, जिथे सोडियमची रेषा सर्वांत उजळ हवी, तिथेच काळी चीर दिसते. दिव्याच्या आतला गरम सोडियम तो रंग सोडतो आणि काचेजवळचा निवलेला सोडियम तोच रंग गिळतो. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा याच कारणाने पडतात. फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये मोजलेली गोष्ट नाक्यावरच्या दिव्यात दिसायची. सोडियमच्या उजेडाचं एक बरं होतं, तो पिवळ्या-नारिंगीच्या आसपासच गर्दी करायचा. निळ्याला फारसा हात लावायचा नाही. चाळणी (फिल्टर) लावून त्याचा बराच भाग अडवता यायचा.

मग एलईडी आले. मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे २०१५ मध्ये काढून पांढरे लावले तेव्हा राणीच्या हाराचे मोती झाले म्हणून ओरड झाली. ती सौंदर्याची ओरड होती. तारे मोजणाऱ्यांची तक्रार वेगळी होती, आणि ती कुणाच्या कानावर गेली नाही. पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंच सुळका असतो आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत सगळं भरून टाकणारा एक रुंद डोंगर. तो सगळ्या रंगांत बसलेला असतो, कुठली चाळणी लावणार? वर निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. दिव्यावर टोपी नसेल, उजेड आडवा आणि वर जात असेल, तर मग विचारायलाच नको. वीज वाचते हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी भांडत नाही. टोपीबद्दल भांडते. शेजारच्या इमारतीच्या झोताबद्दल मी त्यांच्या सेक्रेटरींना भेटले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, सीसीटीव्हीला उजेड लागतो." सीसीटीव्हीचं तोंड जमिनीकडे होतं, झोताचं आमच्या गच्चीकडे. महाराष्ट्रातल्याच पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून मान्यता मिळाली. सेक्रेटरींना हे सांगितलं तर ते म्हणाले, तिथे वाघ आहेत, आमच्याकडे चोर आहेत.

मुंबईने आपल्या उजेडाने आणि विजेने मोजणाऱ्यांना हुसकावणं तसं जुनं आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण शहरात विजेच्या ट्राम येणार होत्या. रेडिओवाल्यांचं तसंच. आज कसारा लोकलमध्ये उभं राहायला जागा नसते, पण १९६५ मध्ये टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याणजवळ ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा फुटी बत्तीस थाळ्या उभ्या करून सूर्याच्या रेडिओलहरी मोजल्या होत्या. देशातल्या पहिल्या रेडिओ दुर्बिणींपैकी ती एक. पुढे उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली, आणि मग नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, पंचवीस किलोमीटरांत पसरलेल्या. जागा निवडताना आड डोंगर आहेत, शहरांचा रेडिओ-गोंगाट कमी पोचतो, हे पाहिलं होतं. रेडिओलहरींचा जोर मोजण्याचं त्यांचं एकक जान्स्की: एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झच्या पट्ट्यात, दशांशचिन्हापुढे पंचवीस शून्यं देऊन मग एक, इतके वॅट. त्यापुढे खिशातला मोबाइल म्हणजे भर रात्रीचा फ्लडलाइट. त्यांचीही सगळी खटपट वजाबाकीचीच: ताऱ्यावर थाळी रोखायची, मग बाजूच्या रिकाम्या आकाशावर, आणि फरक बघायचा.

मला मात्र मुलुंडमधून मोजता येईल असंच हवं होतं, आणि ते डिसेंबर २०१९ मध्ये आपणहून आलं. मृगातला लाल तारा, काक्षी, मंद होत चालला होता. एरवी त्याची प्रत अर्ध्याच्या आसपास असते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती दीडच्याही खाली, १.६ पर्यंत उतरली, म्हणजे उजेड पस्तीस-छत्तीस टक्केच राहिला. आता याचा स्फोट होणार अशी हूल उठली. नंतरच्या वेधांवरून निघालं ते असं, की ताऱ्याने वायूचा एक लोट बाहेर टाकला होता, तो निवून त्याची धूळ झाली आणि ताऱ्याचा काही भाग आपल्यापासून झाकला गेला. या मोजणीला सीसीडी लागत नव्हती. उलट इतका उजळ तारा मोठ्या दुर्बिणींना त्रासाचाच, त्यांच्या चौकटी क्षणात भरून वाहतात. डोळा पुरत होता, आणि मुंबईचं आकाशही पुरत होतं.

रीत सोपी आहे. ओळखीच्या प्रतीचे दोन तारे घ्यायचे, एक आपल्या ताऱ्याहून उजळ आणि एक मंद. प्रश्वा ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला पोलक्स १.१, मृगाच्याच खांद्यावरचा बेलाट्रिक्स १.६. दोघांच्या दरम्यान काक्षी कुठे बसतो ते डोळ्याने ठरवायचं. सराव झाला की प्रतीच्या एक-दोन दशांशांपर्यंत अंदाज पोचतो. जगभरातले हौशी लोक शंभराहून अधिक वर्षं अशी मोजणी करून पाठवत आले आहेत, आणि रूपविकारी, म्हणजे उजेड कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या आलेखांतले कितीतरी ठिपके त्यांचे आहेत.

या कामात मला साथ मिळाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची. ते लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. कापडाचा नमुना आणि रंगवलेला तागा समोरासमोर धरून शेड जुळली की नाही हे सांगणं, यात त्यांची नोकरी गेली. गच्चीवर फेऱ्या मारताना त्यांनी विचारलं काय चाललंय, मी सांगितलं. त्यांनी काक्षीकडे पाहिलं, मान फिरवली, प्रश्वाकडे पाहिलं, परत काक्षीकडे, रोहिणीकडे. एकेका ताऱ्यावर नजर निमिषभर. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं तर तो डोळ्यात हळूहळू उजळत जातो आणि आकडा बिघडतो. हे मी त्यांना सांगणार तेवढ्यात तेच म्हणाले, "लालकडे जास्त वेळ बघायचं नसतं ताई, डोळा फसतो. आम्हाला खात्यात पहिल्यांदा तेच शिकवलं."

त्यांनी सांगितलं, दोघांच्या मध्ये, पण प्रश्वाकडे झुकलेला, दहात चार. म्हणजे ०.६. माझा आकडा ०.७ आला होता. वहीत दोन्ही लिहिले, शेजारी शेरा: हवा धूसर, पूर्वेकडचा झोत चालू.

तेव्हापासून काका मधूनमधून वर येतात. अलीकडे त्यांना रोहिणीचाच संशय यायला लागलाय. ज्याच्याशी ताडायचं तो नमुनाच बदलत असेल तर, असं त्यांचं म्हणणं. गिरणीत म्हणे जुना नमुना उन्हाने विटायचा आणि दोष नव्या ताग्यावर यायचा. संशय रास्त आहे. रोहिणीची प्रतही किंचित हलते, दशांश-दोन दशांशांनी. म्हणून पुढच्या खेपेला प्रश्वा आणि पोलक्स धरायचे असं आमचं ठरलंय, आणि जमलं तर रोहिणीचाही एक वेगळा रकाना.